ठाण्याहून विमानाने: अंतर किती, वेळ किती आणि घरातून निघायचं कधी

मुंबई ते दिल्ली अंतर किती, असं विचारलं तर तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात आणि तिन्ही बरोबर असतात. विमानाच्या हिशेबाने सुमारे १,१४० किलोमीटर, राजधानी एक्स्प्रेसच्या रुळांवरून सुमारे १,३८५ आणि मोटारीने गेलात तर १,४०० च्या आसपास. वेळेचंही तसंच आहे. तिकिटावर सव्वादोन तास दिसतात, विमान प्रत्यक्ष हवेत असतं पावणेदोन तासांच्या आसपास आणि नौपाड्यातल्या घराला कुलूप लावल्यापासून दिल्लीच्या कॅनॉट प्लेसला पोचेपर्यंत साडेसहा-सात तास जातात. पहिल्यांदा विमानाने निघणाऱ्यांची धावपळ होते ती बहुतेक वेळा या आकड्यांची गल्लत झाल्यामुळे. म्हणून ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्या, पहिलं-दुसरं तिकीट काढणाऱ्या वाचकांसाठी हा सगळा हिशेब क्रमाने मांडतो आहे.

पहिली पायरी: अंतर कोणतं ते ठरवा

दोन शहरांमधलं हवाई अंतर म्हणून जो आकडा दाखवतात, तो पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचा सर्वांत जवळचा मार्ग असतो. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून धरा. दोरा अरबस्तानावरून आडवा जाणार नाही. मध्य आशिया, रशिया असा थेट उत्तरेकडे चढेल आणि पलीकडे खाली उतरेल. भिंतीवरच्या सपाट नकाशात हाच मार्ग मोठ्या कमानीसारखा दिसतो आणि लोकांना वाटतं की विमान वळसा घालून चाललंय. सर्वांत जवळचा रस्ता तोच असतो. मुंबई-न्यूयॉर्क हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर भरतं.

एकक मात्र नीट बघून घ्या. अंतर दाखवताना कधी किलोमीटर, कधी मैल, तर कधी समुद्री मैल दिलेले असतात. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, एक समुद्री मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वैमानिक समुद्री मैलांत बोलतात, त्यामुळे विमानाच्या माहितीत दिल्ली एकदम सहाशेच्या घरात दिसली तर दचकू नका.

दुसरी पायरी: अंतरावरून वेळ काढा

यासाठी एक सोपं गणित आहे. हवाई अंतराला ८०० ने भागा, येतील तेवढे तास धरा आणि वर पाऊण तास मिळवा. तिकिटावर जो वेळ छापलेला असतो, त्याच्या अगदी जवळ तुम्ही पोचता.

नागपूर सुमारे ६८० किलोमीटर. भागाकार ५१ मिनिटं, अधिक ४५, म्हणजे साधारण एक तास ३६ मिनिटं. दिल्ली १,१४०: दोन तास दहा मिनिटं. कोलकाता सुमारे १,६६०: पावणेतीन तासांच्या थोडं वर. दुबई सुमारे १,९३०: तीन तास दहा मिनिटं. लंडन सुमारे ७,२००: पावणेदहा तास. वेळापत्रकाशी ताडून बघा, दहा-पंधरा मिनिटांचाच फरक पडेल. लांबच्या प्रवासात तो थोडा वाढेल.

हा पाऊण तास कसला? तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान आकाशात झेपावण्याची वेळ नव्हे. विमान आपल्या जागेवरून हलतं ती ती वेळ. त्यानंतर ते रांगेत धावपट्टीपर्यंत जातं, चढताना आणि उतरताना पूर्ण वेग नसतो, उतरल्यावर पुन्हा जागेवर येऊन थांबेपर्यंत वेळ जातो. हे सगळं तिकिटावरच्या वेळेत धरलेलं असतं. शिवाय कंपन्या थोडी मोकळीक ठेवतात. वीस मिनिटं उशिरा निघालेलं विमान कधीकधी वेळेवर उतरतं, त्याचं कारण हेच.

मुंबईत हा रांगेतला वेळ जास्त असतो. सहार-सांताक्रूझच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाचा सगळा भार एका धावपट्टीवर पडतो. संध्याकाळी येणारी विमानं म्हणूनच कधी समुद्रावर, कधी ठाण्या-कल्याणच्या बाजूला घिरट्या घालत आपली पाळी यायची वाट बघतात. कोणी न्यायला येणार असेल तर छापील वेळेवर अर्धा तास वाढवूनच सांगा.

वरचं गणित जेट विमानांसाठी आहे. जेट साधारण ताशी ८०० ते ९०० किलोमीटर वेगाने जातं. पंखेवालं छोटं एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास जातं, त्यामुळे जवळच्या लहान शहरांच्या फेऱ्यांना अंतराच्या मानाने वेळ जास्त लागतो. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो एकदा वाचा.

तिसरी पायरी: जाताना आणि येताना वेळ सारखा नसतो

आपल्या अक्षांशाच्या उत्तरेला खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर अधिकच. त्यामुळे पूर्वेकडे जाणारं विमान लवकर पोचतं आणि पश्चिमेकडे येणारं रखडतं. मुंबईहून कोलकात्याला जाताना जेवढा वेळ लागतो, त्याहून परतताना दहा-वीस मिनिटं जास्त दाखवलेली असतात. लंडनला जाताना आणि तिथून येताना हा फरक तासाच्या आसपास जातो.

दुसरं कारण म्हणजे बंद आकाश. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपल्या हद्दीवरून उडायला मनाई केली, भारतानेही तसंच केलं. त्यामुळे पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना, विशेषतः दिल्लीहून निघणाऱ्यांना, अरबी समुद्रावरून वळसा पडू लागला. परदेशी कंपन्यांना ही मनाई लागू नव्हती. म्हणून त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांचे वेळ वेगळे दिसू शकतात. लांबचं तिकीट काढताना केवळ भाड्याची तुलना करू नका, तासही शेजारी मांडा.

चौथी पायरी: तिकिटावरची घड्याळं ओळखा

इथे मला थोडं थांबून सांगायचंय, कारण सर्वांत महागात पडणाऱ्या गफलती इथेच होतात.

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहरातली असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या शहरातली. देशात सगळीकडे एकच घड्याळ असल्याने अडचण येत नाही. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुंबईहून सकाळी १० ला निघालात आणि तिकिटावर पोचण्याची वेळ ११:४० दिसली, तर प्रवास एक तास चाळीस मिनिटांचा नाही, तीन तास दहा मिनिटांचा आहे. परतताना उलट होतं: दुबईहून दुपारी २ ला निघालेलं विमान मुंबईत ६:४० ला उतरतं आणि पावणेपाच तासांचा प्रवास झाला असं वाटतं. घरी मधुमेहाची औषधं वेळेवर घेणारं कोणी असेल, तर हा हिशेब निघण्याआधीच कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.

लंडनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. उन्हाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेपाच. दिवाळीत मुलीकडे जाणाऱ्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावं, कारण घड्याळबदल नेमका त्याच सुमारास येतो.

आता मध्यरात्रीची विमानं. आखाताकडे, युरोपकडे जाणारी बरीच विमानं रात्री बारानंतर सुटतात. आपण बोलताना म्हणतो, ‘रविवारी रात्री साडेबाराचं विमान आहे.’ तिकिटावर मात्र सोमवारची तारीख आणि ००:३० अशी वेळ असते. १५ तारखेचं ००:३० चं विमान म्हणजे १४ तारखेला रात्री जेवण लवकर उरकून साडेआठच्या आधी ठाणं सोडायचं. १५ च्या रात्री बॅगा घेऊन गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. तिकीट हातात आलं की लगेच घरच्या दिनदर्शिकेवर तारखेऐवजी ‘घरातून निघायचं’ असं आदल्या दिवशीच्या चौकोनात लिहा. माझ्या मते ही एक सवय बाकी सगळ्या सूचनांपेक्षा जास्त कामाची आहे.

विमान बदलावं लागणार असेल तर एकूण वेळेत मधल्या विमानतळावर थांबण्याचे तास धरलेले असतात. स्वस्त तिकिटात हा थांबा कधी पाच-सहा तासांचा निघतो. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर आहेत का, हे मात्र बघाच. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही की पैसेही सहजासहजी देत नाही.

पाचवी पायरी: विमानतळ कोणता?

डिसेंबर २०२५ पर्यंत हा प्रश्नच नव्हता. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं सुटू लागली. आता ‘मुंबईचं तिकीट’ म्हणजे दोनपैकी कुठलाही विमानतळ असू शकतो. जुन्याची खूण बीओएम, नव्याची एनएमआय. दोघांमध्ये सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरच अंतर आहे, पण मध्ये खाडी आणि अख्खं शहर आहे. चुकीच्या विमानतळावर गेल्यावर दुसरा गाठून विमान पकडता येईल अशी आशा ठेवू नका. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही तिकिटांवर खूण तपासा. एका विमानतळावरून जाऊन दुसऱ्यावर उतरणंही शक्य आहे.

जुन्या विमानतळात पुन्हा दोन टर्मिनल आहेत. टर्मिनल १ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, टर्मिनल २ सहारला. दोन्हींची प्रवेशद्वारं वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत आणि एकातून दुसऱ्यात चालत जाता येत नाही. रिक्षावाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगू नका, टर्मिनलचा आकडा सांगा.

ठाणेकरांना किलोमीटर सांगून फारसं कळत नाही, मिनिटं सांगावी लागतात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ते अंतर ३४ किलोमीटर, आणि आजही आपण ते फास्ट की स्लो यावरच मोजतो. ठाणे स्टेशनपासून टर्मिनल २ रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर आहे. पहाटे चार वाजता पूर्व द्रुतगती मार्गाने, जेव्हीएलआरवरून पवई ओलांडून पाऊण तासाच्या आत पोचता. तोच रस्ता संध्याकाळी सहाला दीड तासही खातो. घोडबंदर रोडवर मानपाडा, कासारवडवलीकडे राहत असाल, तर माजिवड्यापर्यंत येण्याचाच अर्धा तास वेगळा धरा.

सामान थोडं असेल आणि वेळ दिवसाची असेल तर मला रेल्वे-मेट्रोचा मार्ग रस्त्यापेक्षा भरवशाचा वाटतो. ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, मग खाली भुयारी मेट्रो ३ मध्ये बदला. पुढचंच स्टेशन टर्मिनल २, त्यानंतर सहार रोड सोडून टर्मिनल १. सकाळी आठ ते अकरा मात्र मोठ्या बॅगा घेऊन ठाण्याच्या फास्टमध्ये चढण्याच्या भानगडीत पडू नका. स्लो पकडा, पंधरा मिनिटं जास्त गेली तरी चालतील. पहाटेच्या आणि मध्यरात्रीच्या विमानांना मेट्रो उपयोगाची नाही.

नव्या विमानतळासाठी ठाणे-बेलापूर रस्ता धरायचा. ऐरोली, घणसोली, तुर्भे, बेलापूर आणि पुढे उलव्याकडे. ठाणे स्टेशनपासून अंतर तीस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे टर्मिनल २ पेक्षा जास्त. तरीही कळवा, विटावा, ऐरोलीकडच्या लोकांना तो सोयीचा पडतो, कारण शहरात शिरावं लागत नाही. वाशी, नेरूळ, खारघर, पनवेलकरांनी तर दोन्हीकडची वेळ आणि भाडं सारखं असेल तर दुसरा विचार करू नये. रेल्वेने जायचं तर ट्रान्स-हार्बरच्या गाडीने नेरूळ गाठा आणि तिथून उरण मार्गावरचं तरघर हे विमानतळाला जवळचं स्थानक. उरणच्या गाड्या आपल्या मुख्य मार्गासारख्या मिनिटामिनिटाला नसतात, तेव्हा वेळापत्रक बघूनच घर सोडा.

सहावी पायरी: उलटं मोजत या

विमानाच्या वेळेपासून मागे मागे मोजत यायचं. समजा टर्मिनल २ वरून दिल्लीचं विमान सकाळी ११ ला आहे.

देशांतर्गत प्रवासात सामान द्यायची खिडकी बहुतेक कंपन्या विमान सुटण्याच्या एक तास आधी बंद करतात आणि विमानात चढायचं दार वीस-पंचवीस मिनिटं आधी. म्हणजे १० ही तुमची शेवटची रेघ. दारावर ओळखपत्र आणि तिकीट दाखवणं, सामान देणं, सुरक्षा तपासणी या तीन रांगा लागतात, तेव्हा ९ ला दारात असायला हवं. परदेशी जाताना पासपोर्टची आणखी एक रांग असते, तिथे तीन तास आधी पोचा.

आता नऊला सहारला पोचायचं म्हणजे रस्त्यावर असण्याची वेळ साडेसात ते नऊ, ऐन गर्दीची. नौपाड्यातून सव्वासातला निघा, घोडबंदरहून पावणेसातला. घाईघाईत डबे, चार्जर, चाव्या शोधण्याचा अर्धा तासही यात धरलेला नाही.

निरोप द्यायला येणाऱ्यांना तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. वयस्कर माणूस एकटा जाणार असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागून ठेवा. पाय धडधाकट असले तरी चालण्याचं अंतर मोठं असतं, आणि सोबतचा कर्मचारी त्यांना योग्य दारापर्यंत नेऊन पोचवतो.

पोचल्यावरचा वेळही मोजा. दिलेलं सामान पट्ट्यावर यायला अर्धा तास सहज जातो. दिल्लीत टर्मिनल ३ वर उतरलात तर विमानतळाची मेट्रो वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला सोडते. दुसऱ्या टर्मिनलवर उतरलात तर त्यात भर पडते. नागपूरचा विमानतळ शहरातच आहे, तिथे हा त्रास नाही.

विमानच हवं का?

नागपूरचं उदाहरण घेऊ, कारण ठाण्यात विदर्भातली घरं भरपूर आहेत. विमानाचे दीड तास, पण दारापासून दारापर्यंत पाच-साडेपाच. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून तो भिवंडीजवळ, आपल्याच जिल्ह्यात येऊन मिळतो. विश्रांती धरून मोटारीने आठ-नऊ तास. रेल्वेने ८३७ किलोमीटर, विदर्भ एक्स्प्रेस ठाण्याला थांबते आणि रात्रीची झोप गाडीतच होते.

एकट्याने कामासाठी जाऊन लगेच परतायचं असेल तर विमानाला पर्याय नाही. चौघांचं कुटुंब, लग्नाचं सामान आणि तिकीट आठवड्याआधी काढलेलं, अशा वेळी मी रात्रीची रेल्वे निवडेन. मोटारीने जाणार असाल तर एकट्या चालकावर एवढा सरळसोट रस्ता टाकू नका; दोघं चालवणारे हवेत आणि टायरची हवा, स्थिती निघण्याआधी तपासलेली हवी. दिल्लीला मात्र सात तास विरुद्ध राजधानीचे सोळा, असा हिशेब आहे. तिकडे विमान खरोखर वेळ वाचवतं.

पावसाळा आणि परतीची रात्र

जून ते सप्टेंबर या काळात वरच्या प्रत्येक आकड्यात भर घाला. जोराच्या सरीत दिसेनासं झालं की विमानं उतरवणं थांबतं, काही अहमदाबादला किंवा अन्यत्र वळवली जातात. त्याच वेळी कुर्ला-सायनला रुळांवर पाणी साचलेलं असतं आणि रस्त्यावर गाड्या उभ्या. अशा दिवशी ठाण्याहून तीन-चार तास हाताशी ठेवून निघणं हाच उपाय आहे. मुंबई विमानतळ दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक दिवस सहा तास धावपट्ट्यांच्या दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. त्याची सूचना आधीच दिलेली असते, त्या दिवसाच्या अलीकडच्या-पलीकडच्या वेळांना गर्दी होते.

परतीचं विमान निवडताना रात्री साडेनऊच्या आत उतरणारं मिळालं तर तेच घ्या. सामान घेऊन बाहेर येईपर्यंत सव्वादहा होतात आणि मेट्रो-लोकलचा मार्ग अजून चालू असतो. अकरानंतर उतरणार असाल तर टॅक्सीचे पैसे तिकिटाच्या खर्चात आधीच मिळवा, आणि मगच कोणतं विमान स्वस्त ते ठरवा. टॅक्सी विमानतळाच्या आतल्या प्रीपेड खिडकीवरून किंवा मोबाइलवरून घ्या, बाहेर येऊन हात धरणाऱ्यांकडून नको. ठाण्याला जायचंय हे आधी सांगा, आणि घोडबंदर रोडला राहत असाल तर तेही, म्हणजे भाड्यावरून तीन हात नाक्याला वाद होणार नाही.